तीन नंबरचं मशीन

२२ जून १९९८, सोमवार

मधल्या सुट्टीत ढाकणे सरांनी ऑफिसात बोलावलं. मुख्याध्यापकांनी बोलावलं म्हणजे माझ्या मनात आधी वेळापत्रकाचाच गोंधळ येतो, पण तसं काही नव्हतं. पुण्याचा एक ट्रस्ट आपल्या विद्यालयाला पाच कॉम्प्युटर देणार आहे. कुठल्याशा कंपनीत वापरलेले, पण चालू. त्यांची जबाबदारी माझ्यावर.

मला त्यातलं काही येत नाही, असं मी सांगितलं. ते म्हणाले, इथे कोणाला येतं? तुम्ही गणिताचे आहात, शिवाय चौऱ्याहत्तर साली टायपिंगची परीक्षा पास झालेले आहात, सेवापुस्तकात नोंद आहे. त्या परीक्षेला चोवीस वर्षं झाली. त्यानंतर मी टाइपरायटरला हात लावलेला नाही.

ट्रस्टला दर महिन्याला अहवाल द्यायचा आहे, म्हणून ही वही घातली. पण अहवालात लिहिता येणार नाही असंच पहिल्या पानावर लिहून झालं. तेव्हा अहवालाला वेगळी वही करावी लागेल.

४ जुलै, शनिवार

टेम्पो अकराला आला. पाच मशीन, पाच टीव्हीसारखे पडदे, वायरींचं एक पोतं. प्रयोगशाळेच्या शेजारची खोली रिकामी केली होती. खिडक्यांना पडदे, दाराबाहेर चपला काढायच्या. पाथर्डीकडची धूळ दारखिडक्या लावूनही आत येतेच, पण तेवढं तरी. मी एक ते पाच आकडे कागदावर लिहून मशीनवर चिकटवले.

ट्रस्टच्या बाई टेम्पोबरोबर आल्या होत्या. त्यांची एकच अट. एका मशीनपुढे एकच मूल बसेल. मागे घोळका नको, शेजारी सांगणारं हुशार मूल नको. प्रत्येकाला निदान वीस मिनिटं स्वतःची. मार्चमध्ये त्या बघायला येणार, आणि तसं चाललेलं नसेल तर मशीन दुसऱ्या शाळेला देणार. हे लेखी आहे.

बाई गेल्यावर ढाकणे सर म्हणाले, पोरांच्या हाती दिलं तर दिवाळीपर्यंत राहायचं नाही. तुम्ही चालवा, पोरं बघतील. बघूनही शिकता येतं. मला खरं तर त्यांचं म्हणणं पटलं. मी चालवायचं ठरलं तर मला चार गोष्टी आल्या तरी पुरतील, मुलांनी चालवायचं तर सगळंच यायला हवं. पण अट लेखी आहे.

१२ जुलै, रविवार

सकाळच्या एसटीने नगरला गेलो. स्टँडजवळ एक कॉम्प्युटर क्लास आहे. दर रविवारी दोन तास. बाकीची मुलं अकरावी-बारावीची. शिकवणारी मुलगी बावीसेक वर्षांची असेल. ती मला काका म्हणते. आज मशीन चालू कसं करायचं, बंद कसं करायचं, फाइल म्हणजे काय, आणि नको असलेली फाइल काढून कशी टाकायची हे झालं. काढून टाकण्याची आज्ञा चांगली पाठ झाली, लहानशी आहे.

शाळेत कोणाला सांगितलेलं नाही. घरी हिलाही, नगरला काम आहे, एवढंच म्हणालो होतो. संध्याकाळी ही म्हणाली, क्लासला जाता हे सांगायला काय होतं? वहीवर क्लासचा शिक्का होता, तो तिने पाहिला.

२० जुलै, सोमवार

आठवी-नववी मिळून ११२ मुलं. पाच मशीन. चाळीस मिनिटांच्या तासात वीस-वीस मिनिटांच्या दोन पाळ्या, म्हणजे दहा मुलं. आठवड्याला सहा तास मिळालेत, म्हणजे साठ मुलं. एका मुलाची पाळी पंधरा दिवसांनी. त्यातही आठवड्यात तीन दिवस सकाळची वीज नसते. ते धरलं तर हिशोबच मोडतो, म्हणून धरलं नाही. तक्ता करून दाराला लावला.

आज पहिली पाळी. मुलं कीबोर्डला बोट लावताना मागे वळून माझ्याकडे बघत होती. एकाने नाव लिहिलं आणि पडद्याला हात लावून ते पुसायला बघितलं.

८ ऑगस्ट, शनिवार

ट्रस्टने एक प्रोग्रॅम दिलाय. पडद्यावर एक छोटं कासव असतं. त्याला इतकं पुढे चाल, इतके अंश वळ असं सांगायचं. ते चालेल तशी रेघ उमटते. मला हे आवडलं, भूमितीच आहे.

नववीतली चांगुणा पालवे या मुलीने आज कासवाकडून गोल काढून घेतला. गोलाची आज्ञा मी दिलेली नव्हती, मलाही ठाऊक नव्हती. कसा काढलास असं विचारलं तर म्हणाली, एक पाऊल चालायचं, एक अंश वळायचं, असं तीनशेसाठ येळा. बरोबर आहे. मी तिला सांगितलं की जे शिकवलंय तेवढंच कर. बाकीच्यांनी बघून तसंच करायला घेतलं तर वेळ जाईल.

चांगुणाचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जातात. ही मागे चुलत्यांच्या घरी राहते, चुलती रतनबाई सांभाळते. म्हणून तिची शाळा बुडत नाही. अभ्यासात बरी आहे. फार उत्साही आहे, जरा आवरायला हवी.

२९ ऑगस्ट, शनिवार

चांगुणाने भर तासाला विचारलं, सर, मशीन बंद केल्यावर आमचं चित्र आत कुठं ऱ्हातं? मी म्हणालो, हे अभ्यासक्रमात नाही. मुलं हसली नाहीत, पण मला ती हसल्यासारखी वाटली. उद्या क्लासमध्ये विचारीन.

(३० तारखेला विचारलं. ती मुलगी म्हणाली, काका, डिस्कवर. चित्रं तिथे कशी राहतात ते तिने सांगितलं, मला नीट कळलं नाही. चांगुणाला परत काही सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही.)

१२ सप्टेंबर, शनिवार

सकाळची अर्धी शाळा. तीन नंबरचं मशीन दोन-तीन दिवस चित्र साठवून घेत नव्हतं. डिस्कवर जागा नाही असा इंग्रजी मजकूर यायचा. चांगुणाचं घराचं चित्र अर्धं राहिलं होतं. तिला शाळा सुटल्यावर दहा मिनिटं बसू दिलं, तिचंही साठलं नाही. मग मी तिला उठवलं आणि स्वतः बसलो.

यादी काढून पाहिली. मुलांच्या नावाच्या फाइली राहू दिल्या. कोणाही मुलाचं नाव नसलेल्या आठ-दहा फाइली होत्या. कमांड, कॉन्फिग, ऑटो असं काहीबाही नाव असलेल्या. कंपनीतल्या जुन्या असणार. त्या काढल्या. चांगुणा दारात चपला घालत होती. म्हणाली, सर, त्या लागत असत्याल का? मी म्हणालो, तुझं झालं ना, घरी जा.

मग चित्र साठलं. क्लासमध्ये शिकलेली गोष्ट पहिल्यांदाच इथे स्वतःची स्वतः वापरली, कोणाला न विचारता. मशीन बंद केलं, घरी जायला दोनची एसटी मिळाली. बाकीच्या चार मशीनची सफाई पुढच्या शनिवारी.

१४ सप्टेंबर, सोमवार

तीन नंबर सुरू होत नाही. काळा पडदा, त्यावर 'बॅड ऑर मिसिंग' असा काहीतरी मजकूर आणि पुढे काहीच नाही. पाच वेळा बंद-चालू करून पाहिलं. वीज कमी-जास्त झाली असेल का, असं ढाकणे सरांना विचारलं. ते म्हणाले, मग बाकीची चार कशी चालली? शेवटी कोण बसलं होतं?

शेवटी चांगुणा बसली होती. मुलांनीही तेच सांगितलं. तिला ऑफिसात बोलावलं. ढाकणे सर नेहमीच्या आवाजात बोलत होते, ओरडले नाहीत. तिने एवढंच म्हटलं की म्या न्हाई केलं. मग माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणालो, शिकवलंय त्यापलीकडे हात घालायचा नाही हे तुला ऑगस्टमध्येच सांगितलं होतं. त्यावर ती काही बोलली नाही. दोष नसता तर बोलली असती.

१५ सप्टेंबर, मंगळवार

ढाकणे सरांच्या सांगण्यावरून कॉम्प्युटर कक्षाच्या रजिस्टरात शेरा लिहिला. 'मशीन क्र. ३ कु. चांगुणा पुंजाराम पालवे, इ. ९ वी, हिच्या हाताळणीमुळे बंद पडले. सदर विद्यार्थिनीस कक्षात प्रवेश नाही.' खाली माझी सही. हाच मजकूर सरांनी पुण्याला कळवला. शिपायाबरोबर घरीही निरोप दिला.

दाराच्या तक्त्यातून तिचं नाव काढल्यामुळे पाळ्या एकेकाने वर सरकल्या. चार मशीनमुळे आता सगळाच हिशोब नव्याने करावा लागेल.

ढाकणे सरांनी बाकीच्या मशीनची सफाई वगैरे काही करू नका असं बजावलंय. इंजिनिअर येईपर्यंत हात लावायचा नाही. बरंच झालं, मला तरी कुठे वेळ आहे.

१ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. मशीनची पूजा झाली. हळद-कुंकू कीबोर्डवर नको, एवढं मी सांगितलं. नारळ ढाकणे सरांनीच फोडला. मी असल्या गोष्टींत नसतो हे त्यांना ठाऊक आहे, ते मला त्यात ओढत नाहीत आणि मीही अडवत नाही. चांगुणा मैदानात इतर मुलींबरोबर होती. कक्षाकडे फिरकली नाही. शिस्त लागली असं म्हणायला हरकत नाही.

९ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीच्या सुट्टीनंतर नववीत आठ मुलं नाहीत. दरवर्षीचं आहे, कारखाने सुरू झाले. पण या वेळी चांगुणाही नाही. चुलतीकडे निरोप पाठवला.

११ नोव्हेंबर, बुधवार

रतनबाई स्वतः शाळेत आली. म्हणाली, पोरीला ऱ्हा म्हनलं हुतं, दरसालावानी. तीच म्हनली, मला साळंत जायचं न्हाई, मी जाते आईसंगं. कोल्हारच्या अलीकडं, नदीच्या अंगाला हायेत ते.

कारण विचारलं तर रतनबाईने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाली, ते तुमाला ठावं. मला काय ठाऊक असणार? मुलीवर आळ येतो तेव्हा तिला वाईट वाटतं हे मी समजू शकतो. पण एवढ्यासाठी शाळा सोडायची?

२१ नोव्हेंबर, शनिवार

नगरहून इंजिनिअर आला. चेतन नाव. दोन महिने वाट बघायला लावली. त्याने खिशातून एक फ्लॉपी काढून तीन नंबरमध्ये घातली, मशीन सुरू झालं. मग यादी काढून बघितली. म्हणाला, मशीनला काही झालेलं नाही, सुरू व्हायला लागणाऱ्या फाइलीच इथे नाहीत. कोणी काढल्या?

ढाकणे सरांनी सांगितलं, एका मुलीने.

चेतन म्हणाला, "मुलं असं करत नाहीत, सर. मुलं नवीन काहीतरी भरून ठेवतात. हे मोठ्या माणसाचं काम आहे. मोठ्यांना साफसफाई लागते."

तो हसत म्हणाला. मी विचारलं, कोणत्या फाइली? त्याने नावं सांगितली. कमांड, कॉन्फिग, ऑटोएक्झेक. दहा मिनिटांत फ्लॉपीवरून त्या परत घातल्या. मशीन चालू झालं. चांगुणाचं घराचं चित्र जसंच्या तसं होतं.

घरी येऊन बारा सप्टेंबरचं पान काढलं. माझ्याच अक्षरात आहे. तिचा प्रश्नही मीच लिहून ठेवलाय. आणि चौदा तारखेला मीच लिहिलंय की दोष नसता तर बोलली असती.

२४ नोव्हेंबर, मंगळवार

दोन दिवस काही लिहिलं नाही. आज हिला सांगितलं. ती भाजी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्हाला लाज कशाची वाटतेय? चुकलं त्याची, की येत नव्हतं त्याची?"

तिने विचारलेल्या दोनांतलं दुसरं हेच खरं उत्तर आहे, हे तिला न सांगता कळलेलं असावं. आमच्या घराण्यात मी पहिला मास्तर. चोवीस वर्षं मुलांनी विचारलं आणि मी सांगितलं, यावर माझा सगळा डोलारा उभा आहे. येत नाही हे म्हणायची सवयच राहिली नाही.

२५ नोव्हेंबर, बुधवार

ढाकणे सरांना सांगितलं. ते बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत होते. मग म्हणाले, झालं ते झालं, मशीन चालू आहे ना, विषय संपला. पुण्याला एकदा कळवलंय, आता कक्षाच्या शिक्षकानेच बिघडवलं असं कळवलं तर मार्चची वाट न बघता पाची उचलून नेतील. एका मुलीसाठी एकशे अकरा मुलांचं नुकसान करणार का?

हिशोब त्यांचा बरोबर वाटला. बाहेर आलो. नववीच्या वर्गावर तास होता. हजेरी घेताना चांगुणाच्या नावाशी थांबलो, मुलांनी एका सुरात गैरहजर म्हटलं. तास संपल्यावर परत ऑफिसात गेलो आणि सांगितलं की पत्र मी माझ्या नावाने पाठवतो. सर म्हणाले, मग मला विचारता कशाला?

पत्र पाठवलं. जे झालं तेच लिहिलं, दीड पान.

२९ नोव्हेंबर, रविवार

पहिल्या एसटीने नगर, तिथून मनमाड रस्त्याच्या गाडीने कोल्हारच्या अलीकडे उतरलो. क्लास बुडवला. विचारत विचारत ऊसतोडीच्या टोळीच्या मुक्कामावर पोचलो. नदीकडच्या माळावर उसाच्या पाचटाच्या वीस-पंचवीस कोप्या, झोपड्याच त्या. तिथे म्हाताऱ्या बायका आणि लहान मुलंच होती. पालवे उसाच्या फडात आहेत म्हणून सांगितलं. बांधाबांधाने अर्धा तास चाललो.

चांगुणा डोक्यावर मोळी घेऊन गाडीकडे निघाली होती. मला पाहिलं, पण थांबली नाही. मोळी गाडीत टाकली, मग डोक्यावरची चुंबळ काढून आली. हातावर पानांचे चरे पडले होते. तिचा बाप पुंजाराम आणि आई कोयते टेकवून उभे राहिले. पुंजारामाने चहाचं विचारलं, इथे फडात कुठला चहा, पण विचारलं.

वाटेत जे बोलायचं ठरवलं होतं ते सगळं राहिलं. मी म्हणालो, "चांगुणा, मशीन तू बिघडवलं नव्हतंस. मी बिघडवलं."

"म्हाईत हाय, सर."

"मग बोलली का नाहीस?"

"म्या इचारलं हुतं तुमाला, त्या लागत असत्याल का म्हनून. तुमी म्हनलात, घरी जा." ती चुंबळ सोडून परत वळू लागली. "मंग सगळ्यांम्होरं कसं म्हनायचं, सरांनीच केलं म्हनून?"

पुंजाराम इतका वेळ ऐकत होता. तो म्हणाला, "सर, साळंचा निरोप आला त्या दिशी म्या हिला मारलं." एवढंच म्हणाला आणि वाकून ऊस तोडायला लागला. तिची आई उभीच होती. मी माफी मागितली, आधी चांगुणाची, मग त्याची. त्याचा कोयता थांबला होता.

शाळेत परत चल, असं मी तिला म्हणालो. बुडालेलं गणित मी घरी घेईन, बाकीचे विषय माधुरी मॅडमना सांगतो. माधुरी मॅडम आमच्या नव्या मराठीच्या शिक्षिका, त्यांना मी आधीच विचारून ठेवलं होतं. चांगुणा आईकडे बघून म्हणाली, "यीन मी. पर तुमी वर्गात सांगायचं. मी नसताना न्हाई. मी आल्याव."

मी हो म्हणालो. पुंजाराम म्हणाला, मेव्हणीला बोलवून घेतो, पोरीच्या जागेला माणूस लागतंय, धा-पंधरा दिस जात्याल.

परतीच्या गाडीत जागा नव्हती. नगरपर्यंत उभा होतो.

१९ डिसेंबर, शनिवार

पुण्याहून उत्तर आलं. पोस्टमनने माझ्या हातात दिलं, मी ढाकणे सरांसमोरच फोडलं. चार ओळी. कळवल्याबद्दल आभार. हीच चूक आणखी दोन शाळांत शिक्षकांकडून झाली आहे, म्हणून मे महिन्यात शिक्षकांसाठी वर्ग घेत आहोत, आपण यावं. मुलांच्या पाळ्या चालू ठेवाव्यात.

एवढंच. मशीन नेण्याबद्दल अक्षर नाही. ढाकणे सरांनी पत्र दोनदा वाचलं आणि फाइलला लावायला सांगितलं. पत्र पाठवल्यापासून ते माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. आज म्हणाले, मे महिन्यात जा तुम्ही, भत्त्याचं बघू.

चांगुणा अजून आलेली नाही. तीन आठवडे होत आले.

२८ डिसेंबर, सोमवार

रतनबाई बाजारात भेटली. पुंजारामाची मेव्हणी आजारी पडली म्हणून तिचं तिकडे जाणं लांबलं, आता गेली म्हणाली. पोरगी येईल का हे विचारायचं मला धाडस झालं नाही. तीच म्हणाली, यायची हाय, सर. शबुद दिलाय म्हनली.

शब्द कोणी कोणाला दिला हे तिने सांगितलं नाही. मी दिलाय हे मला ठाऊक आहे. वर्गात काय म्हणायचं ते दोनदा लिहून काढलं, दोन्ही वेळा फाडलं. पहिल्यात मी फारच थोर माणूस वाटत होतो.

४ जानेवारी १९९९, सोमवार

चांगुणा आली. प्रार्थनेच्या वेळी ओळीत दिसली. उन्हाने काळवंडली आहे. मला पाहून नमस्ते म्हणाली आणि वर्गात गेली. नववीचा कक्षातला तास उद्या आहे. आज सांगून टाकावं असं वाटलं, पण तिने वर्गात सांगा म्हटलं होतं आणि मशीनसमोर सांगणं जास्त योग्य, अशी मनाची समजूत घातली. खरं म्हणजे एक दिवस मिळाला तो घेतला.

५ जानेवारी, मंगळवार

सकाळी वीज होती. नववीचा पूर्ण वर्ग कक्षात घेतला, उभा केला. पाळ्या आज उशिरा सुरू होतील म्हणून सांगितलं. ढाकणे सर दारात येऊन उभे राहिले. मी बोलावलं नव्हतं.

मी म्हणालो, सप्टेंबरमध्ये तीन नंबरचं मशीन बंद पडलं ते मी त्यातल्या लागणाऱ्या फाइली काढून टाकल्यामुळे. मला ते कळत नव्हतं. चांगुणाने मला विचारलं होतं आणि मी तिला घरी पाठवलं. नंतर तिच्यावर आळ घेतला तोही मीच.

मग मागच्या रांगेतून भागिरथीने विचारलं, "सर, म्हणजे तुमाला कॉम्प्युटर येत न्हाई?"

"थोडा येतो. दर रविवारी नगरला शिकायला जातो."

वर्गात कुजबुज झाली, पण वाईट नव्हती. एकाने विचारलं, तिथं पण वीसच मिनिटं मिळत्यात का? दोन तास म्हटल्यावर त्यांना हेवा वाटला. ढाकणे सर घसा साफ करून निघून गेले.

मी रजिस्टर काढलं, तो शेरा खोडण्यासाठी लाल पेन घेतलं. चांगुणा जवळ आली, म्हणाली, वाचू का? तिने तो पहिल्यांदाच पाहिला. बोट ठेवून सावकाश वाचला, स्वतःचं पूर्ण नावही वाचलं.

"खोडू नका, सर. खोडलं तर काय लिवलं हुतं तेच कळायचं न्हाई. खाली लिवा."

मी खाली लिहिलं. 'वरील शेरा चुकीचा आहे. मशीन माझ्या हातून बिघडले. कु. चांगुणा पालवे हिने मला आधी विचारले होते, मी ऐकले नाही. भीमराज शिरसाट, कॉम्प्युटर कक्ष प्रमुख.'

तिने तेही वाचलं. म्हणाली, "तारीख ऱ्हायली."

तारीख घातली. मग पाळ्या सुरू केल्या. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती, पहिल्या पाच नावांत तिचं घातलं होतं. खुर्ची ओढून ती बसली आणि मी मागे थांबलोय हे पाहून म्हणाली, सर, मागं कुनी उभं ऱ्हायचं न्हाई, असं तुमीच सांगितलंय. मी दाराशी जाऊन उभा राहिलो.